वरकस जमिनीवर कारखान्यातले घर बसवण्यापूर्वी

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखिका ठाण्यात राहतात आणि येत्या मार्चअखेर नोकरीतून निवृत्त होत आहेत. संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत त्यांच्या सासरची चौदा गुंठे वरकस, म्हणजे भाताखाली नसलेली हलकी, जमीन आहे. वरच्या अंगाला अरुंद डांबरी रस्ता, खालच्या अंगाला पावसाळ्यात वाहणारा पऱ्या (लहान ओढा) आणि मध्ये सगळा उतार आहे. त्यांच्या यजमानांनी मोजले तेव्हा साठ फुटांत सुमारे दहा फुटांचा फरक आला. पुण्याजवळच्या एका कंपनीने ४० फूट लांब व १० फूट रुंद अशी दोन तयार खोकी शेजारी-शेजारी जोडून ८०० चौरस फुटांचे घर पंचेचाळीस दिवसांत देण्याचे कबूल केले आहे. हे घर हलवता येण्यासारखे असल्याने त्याला परवानगी लागत नाही आणि ग्राहकाने ५० बाय ४० फूट जागा तेवढी सपाट करून द्यावी, असे कंपनीचे म्हणणे आहे. एप्रिलमध्ये जेसीबी लावून मे महिन्यात घर उभे करायचा बेत असून कंपनीला थोडी आगाऊ रक्कमही दिली आहे. गावात राहणाऱ्या धाकट्या दिरांचा मात्र याला विरोध आहे. त्यांना चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे, घर हवे आहे. ८२ वर्षांच्या सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे आणि त्यांना उरलेले दिवस गावी काढायचे आहेत. पत्रलेखिका विचारतात : तयार घर घ्यावे, की दिरांचे ऐकून चिऱ्याचे बांधावे?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी लक्षपूर्वक वाचले. तुम्ही प्रश्न तयार घर विरुद्ध चिऱ्याचे घर असा मांडला आहे. परंतु मला वाटते की या दोहोंतील निवड ही तुमच्यापुढची पहिली अडचण नाही. कंपनीने जागा सपाट करण्याचे काम तुमच्यावर सोपवले आहे, आणि या सगळ्या व्यवहारातला सर्वांत जोखमीचा आणि कदाचित सर्वांत खर्चाचा भाग तोच आहे. कंपनीच्या करारात तो कुठेच नाही. उद्या घराला तडा गेला, दार घासू लागले किंवा एक कोपरा खचला, तर कंपनी म्हणेल की आमचे खोके व्यवस्थित आहे, जमीन तुमची हलली. त्यामुळे घर कशाचे असावे हे ठरवण्याआधी ते कशावर उभे राहणार, हे ठरवू या.

साठ फुटांत दहा फूट म्हणजे सहास एक असा उतार झाला. त्या उताराच्या दिशेने चाळीस फुटांची जागा सपाट करायची, तर तिच्या वरच्या आणि खालच्या कडेत जवळजवळ पावणेसात फुटांचा फरक निघेल. सगळे कापून काढले, तर रस्त्याच्या बाजूला पुरुषभर उंचीची उभी दरड तयार होईल आणि ती रस्त्याच्या भाराखाली उघडी राहील. अर्धे कापून ती माती खालच्या अर्ध्यात टाकली, तर दरड साडेतीन फुटांवर येईल, पण मग तुमचे अर्धे घर मूळ जमिनीवर आणि अर्धे भरावावर बसेल. जेसीबीवाले बहुतेक वेळा हाच दुसरा मार्ग घेतात, कारण त्यात माती कुठे न्यावी लागत नाही. भराव एका पावसाळ्यात बसतो, अशी एक समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे, पण ती फसवी आहे. भराव भरवशाचा व्हायचा असेल, तर आधी उतारावरची काळी-लाल मऊ माती आणि मुळे काढून जमिनीला पायऱ्या पाडाव्या लागतात, मग नऊ ते बारा इंचांचे थर टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर रोलरने दाबावा लागतो. बकेटने ढकललेली आणि वरून दोन वेळा मशीन फिरवलेली माती एका पावसाळ्यात काही बसते, दुसऱ्यात आणखी काही, आणि ती सगळीकडे सारखी बसत नाही. विटांच्या भिंतीला त्याने तडा जातो. कारखान्यातून मापात आलेल्या पोलादी चौकटीला पीळ पडतो, आणि पीळ पडलेल्या चौकटीतील खिडक्या व सांधे पहिल्या पावसातच गळू लागतात.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत येतो. एवढे पाणी तुमच्या जमिनीवरून आजवर ज्या वाटेने खाली पऱ्यापर्यंत गेले, ती वाट तुम्ही सपाटीकरणाने मोडणार आहात. त्यातून कोकणात अनेक ठिकाणी वरच्या जांभ्याच्या थराखाली पांढरट-पिवळसर, चिकट मातीचा थर सापडतो. कोरड्या दिवसांत ती कुदळीलाही दाद देत नाही, पण पाणी मुरले की साबणासारखी होते. ती तुमच्या जमिनीत आहे की नाही, हे वरून पाहून कोणीही सांगू शकणार नाही.

आंबेगाव तालुक्यातील माळीण (३० जुलै २०१४), महाड तालुक्यातील तळिये (२२ जुलै २०२१) आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) ही दरडीखाली गाडल्या गेलेल्या वस्त्यांची नावे मी तुम्हाला भीती घालण्यासाठी घेत नाही. त्या दुर्घटनांचा पल्ला मोठा होता आणि तुमच्या चौदा गुंठ्यांची तुलना त्यांच्याशी करणे योग्य होणार नाही. तथापि या तिन्ही घटना जुलैतल्या अतिवृष्टीत घडल्या, हे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. उतार एप्रिलमध्ये पाहून त्याच्याविषयी मत बनवता येत नाही. तुमच्या जमिनीत पावसाळ्यात कुठे उमाळे फुटतात, रस्त्याचे पाणी कुठून आत शिरते, जुन्या झाडांचे बुंधे तळाशी उताराच्या दिशेने वाकलेले आहेत का, जमिनीत आडव्या भेगा पडतात का, हे तुमच्या यजमानांना ठाण्यात बसून माहीत असणे कठीण आहे. दिरांना मात्र ते माहीत असेल, कारण ते ही जमीन दरवर्षी आषाढात पाहतात. त्यांचा विरोध केवळ जुन्या पद्धतीच्या हट्टातून आला आहे, असे तुमच्या पत्रातून सूचित होते. त्यामागे जमिनीची काही माहिती आहे का, हे एकदा शांतपणे विचारून पाहावे.

आता मुख्य सूचनेकडे येतो. जागा सपाट करण्याची मुळात गरज आहे का? तुमची खोकी चाळीस फूट लांब आणि फक्त दहा फूट रुंद आहेत. ही लांबी उताराच्या दिशेने न ठेवता उताराला आडवी, म्हणजे रस्त्याला समांतर ठेवली, तर एका खोक्याच्या रुंदीत जमीन केवळ वीस इंच उतरते आणि दोन्ही खोकी मिळून वीस फुटांत तीन फूट चार इंच. हा फरक जमीन न कापता, खांबांची उंची कमी-जास्त करून सहज भरून काढता येतो. वरच्या कडेला जमिनीपासून दीड-दोन फूट उंचीचे जोते आणि खालच्या कडेला साधारण पाच फुटांचे खांब, एवढ्यात काम भागते. पावसाचे पाणी घराखालून जुन्या वाटेने जाऊ शकते, दरड तयार होत नाही, राखण भिंतीचा, म्हणजे माती अडवणाऱ्या भिंतीचा, खर्च जवळजवळ वाचतो. तयार घराचा खरा फायदा उतारावर इथेच आहे : ते अरुंद असते, हलके असते आणि त्याला सलग पायाऐवजी मोजके टेकू पुरतात. तेच घर सपाट केलेल्या भरावावर ठेवणे म्हणजे त्याचा सगळा गुण वाया घालवणे होय. कंपनीने ५० बाय ४० फुटांची जागा मागितली, ती बहुधा घरासाठी नसून क्रेन आणि ट्रेलर उभे करण्यासाठी असावी. त्याविषयी पुढे लिहितो.

खांबांवरच्या घराचीही पथ्ये आहेत आणि ती अंदाजाने पाळता येत नाहीत. प्रत्येक खांबाचा पाया मूळच्या घट्ट थरापर्यंत, म्हणजे कातळ किंवा कठीण मुरमापर्यंत गेला पाहिजे. पायांसंबंधीच्या भारतीय मानकात (आय.एस. १९०४) असे सांगितले आहे की उतारावरील पायाच्या खालच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंतचे आडवे अंतर खडकात किमान ६० सेंटिमीटर आणि मातीत किमान ९० सेंटिमीटर असावे. याचा अर्थ एवढाच की खड्डा नुसता खोल असून चालत नाही, त्याच्यापुढे पुरेशी जमीन शिल्लक राहिली पाहिजे. दुसरी गोष्ट भूकंपाची. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्यांना आठवतो, त्यांना हा विषय परका वाटणार नाही, आणि संगमेश्वर तालुका कोयनेपासून फार दूर नाही. खांबांची उंची असमान असली की आखूड खांब जास्त ताठ असल्यामुळे धक्क्याचा मोठा वाटा त्यांच्यावर येतो. म्हणून वरच्या बाजूचे बुटके खांब निष्काळजीपणे केले तर आधी तेच तुटतात. सर्व खांब जमिनीलगत तुळयांनी एकमेकांना बांधणे आणि उंच खांबांना तिरके आधार देणे, याचा हिशेब संरचना अभियंत्याने करायचा असतो. गवंडी कितीही जाणकार असला तरी हे त्याचे काम नाही.

तिसरी गोष्ट वाऱ्याची आहे आणि तयार घरांच्या बाबतीत ती हमखास विसरली जाते. चिऱ्याचे घर स्वतःच्या वजनाने जागेवर बसते. तुमचे घर हलके असेल, त्यामुळे ते खाली खचण्यापेक्षा वर उचलले जाण्याची चिंता अधिक. वाऱ्याच्या भारासंबंधीच्या मानकात (आय.एस. ८७५, भाग ३) वाऱ्याकडे तोंड असलेला उतार तीन अंशांहून अधिक असेल, तर डोंगराच्या आकारामुळे वाऱ्याचा वेग ३६ टक्क्यांपर्यंत वाढवून धरावा लागू शकतो, असे दिले आहे. तुमचा उतार साडेनऊ अंशांच्या आसपास आहे. वेग ३६ टक्क्यांनी वाढला की दाब जवळजवळ ८५ टक्क्यांनी वाढतो, हे गणित कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही, कारण ते सपाट जागेसाठी छापलेले असते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडच्या कितीतरी घरांचे पत्रे उडाले होते. तेव्हा घर नुसते खांबांवर टेकवून चालणार नाही; प्रत्येक टेकूपाशी ते अँकर बोल्टने पायाशी बांधलेले आणि छप्पर चौकटीशी जखडलेले असले पाहिजे, आणि त्या बोल्टांचा हिशेब लेखी मागितला पाहिजे.

आता हे घर गावात आणायचे कसे? पुण्याकडून संगमेश्वरला यायचे म्हणजे कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरणे आले. चाळीस फुटी ट्रेलर राज्यमार्गावरून येईलही, पण वाडीच्या रस्त्यावरचे वळण, मोरी, विजेच्या खाली आलेल्या तारा आणि कडेच्या फणसाच्या फांद्या, या सगळ्यांतून तो तुमच्या जमिनीपर्यंत पोहोचेल का? तुमची खोकी दहा फूट रुंद आहेत, म्हणजे तीन मीटरच्या वर. वाहनाच्या सर्वसाधारण रुंदीची मर्यादा साधारण २.६ मीटर असते, त्यामुळे ही वाहतूक जादा मापाची ठरून तिला वेगळी परवानगी काढावी लागेल. पुढे क्रेनचा प्रश्न. क्रेनची ताकद तिच्यापासून वजन किती लांब न्यायचे यावर अवलंबून असते. जवळ दहा टन उचलणारे यंत्र साठ फुटांवर त्याचा लहानसा हिस्साच उचलते. तिचे पाय पसरायला सपाट व कठीण जागा लागते, आणि रस्त्याची मातीची कडा त्यासाठी मुळीच योग्य नाही. केवळ या एका कारणासाठी अर्धा डोंगर कापून घेणारे लोक मी पाहिले आहेत. घर एका दिवसात बसते, पण कापलेली जागा कायमची उरते.

म्हणून तुमच्यासारख्या जागेवर पूर्ण तयार खोकी आणण्याऐवजी सुट्या भागांचे घर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हलक्या पोलादी पट्ट्यांची चौकट, तिच्यावर सिमेंट-फायबर बोर्ड, आत उष्णतारोधक भरण आणि वर उतरते छप्पर, या पद्धतीचे भाग टेंपोतून येतात, दोन-चार माणसे ते खांद्यावरून उतारावर नेऊ शकतात आणि क्रेनविना जागेवर जोडता येतात. जोडणीला काही आठवडे अधिक लागतील. मात्र कंपनीचे पंचेचाळीस दिवस हेही कारखान्यातलेच दिवस आहेत. पाया, रस्ता, वीज, पाणी, शौचालयाची टाकी यांचे दिवस त्यात धरलेले नसतात. रस्ता रुंद असलेल्या, ट्रेलर थेट जागेपर्यंत जाणाऱ्या वाचकांना मात्र तयार खोके सोयीचे पडू शकते. त्यांनी माझे हे मत स्वतःला जसेच्या तसे लावून घेऊ नये.

परवानगीबाबत कंपनीने तुम्हाला जे सांगितले, ते मान्य करण्याजोगे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा कायदा जमिनीत, जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेले बांधकाम आणि जमिनीच्या वापरातील महत्त्वाचा बदल या सर्वांना विकास मानतो. घर बोल्टने बसवले की सिमेंटने, यावर ते अवलंबून नाही. तुम्ही त्यात राहणार, चूल मांडणार, वीज घेणार, म्हणजे ते निवासी बांधकाम झाले. गावठाणाच्या हद्दीत लहान घरांसाठी परवानगीची पद्धत बरीच सोपी केलेली आहे. तुमची जमीन गावठाणाबाहेरची वरकस असल्यास ती सवलत आपोआप मिळेल, असे धरून चालू नका. शिवाय नगररचनेच्या नियमांत पाचास एक किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला आणि सपाटीकरणालाही मनाई धरली जाते. साठ फुटांत बारा फूट म्हणजे पाचास एक. तुमचा फरक दहा फूट आहे. तुम्ही सीमेच्या अलीकडे आहात, पण फार अलीकडे नाही, आणि टेपने काढलेल्या सरासरीत एखादा तीव्र टप्पा लपून जातो. म्हणून परवानाधारक सर्वेक्षकाकडून अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा करून घ्यावा. त्याचा खर्च जेसीबीच्या दोन-तीन दिवसांच्या भाड्याच्या मानाने फार वाटणार नाही, आणि घर नेमके कुठे ठेवायचे हेही त्याच नकाशावर ठरते.

ग्रामपंचायतीने घरपट्टी लावली की घर अधिकृत झाले, असे अनेक जण समजतात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ या कर-नोंदवहीतली नोंद करवसुलीसाठी असते. तिने बांधकामाची परवानगी मिळाली असे सिद्ध होत नाही. अकृषिक वापराच्या नियमांत अलीकडे वारंवार बदल झाले आहेत, तेव्हा ऐकीव माहितीवर न राहता तहसील आणि नगररचना कार्यालयांत चौकशी करून लेखी उत्तर घ्यावे. सातबारा काढून इतर हक्कांचा रकाना पाहावा. कोकणात त्यात खाजगी वनाची किंवा कुळाची नोंद निघणे दुर्मीळ नाही. मुळशी, वेल्हे, महाबळेश्वर या भागांतील वाचकांनी तर पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध आधी तपासावेत. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून तसा अधिसूचित आहे.

आणि सातबारावरच तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे. जमीन सासरची आहे, म्हणजे सातबारावर तुमच्या यजमानांबरोबर दिरांचे आणि बहुधा नणंदांचेही नाव असेल. वाटप झालेले नसेल, तर दिरांचा विरोध ही केवळ घरगुती नाराजी नाही. सहहिस्सेदार म्हणून त्यांच्या संमतीवाचून परवानगीही अडेल आणि कर्ज घ्यायचे असेल तर तेही अडेल. घर हलवता येण्यासारखे आहे, ही गोष्ट तुम्हाला का आकर्षक वाटली, याचा थोडा विचार करावा. वाटपाचा विषय काढावा लागू नये, उद्या बिनसले तर घर उचलून नेता यावे, असे कुठेतरी मनात आहे का? तसे असेल तर तो आधार फसवा आहे. आतले नळ, वायरिंग, फरशी, न्हाणीघर झालेले घर पुन्हा सोडवून, क्रेनने उचलून, घाटाने दुसरीकडे नेण्याचा खर्च नव्या घराच्या जवळ जाऊ शकतो; पाया, टाकी, जोडरस्ता तर इथेच राहतात. वाटपाचे बोलणे अवघड असते हे मला ठाऊक आहे. तरी सासूबाई आहेत तोवर आणि त्यांच्यासमोर ते झाले, तर सोपे जाईल.

दिरांच्या चिऱ्याच्या घराकडेही न्यायाने पाहू या. चिरा जिल्ह्यातच निघतो, त्याचा गवंडी वाडीत सापडतो, आणि वीस वर्षांनी भिंतीचा एक भाग दुरुस्त करायचा झाला तर कोणाला पुण्याहून बोलवावे लागत नाही. तयार घराच्या सांध्यातली रबरी पट्टी भर श्रावणात निसटली, तर तालुक्याच्या गावी, देवरुखात, ती कोण बसवणार? हा प्रश्न रास्त आहे. चिऱ्याचे वजन मात्र उतारावर अडचणीचे ठरते : सलग भिंतीला सलग पाया लागतो, तो पायऱ्यापायऱ्यांनी खाली न्यावा लागतो, आणि खालच्या अंगाचे जोते चढून चढून स्वतःच एक राखण भिंत होते. वरून वानरांचा त्रास. कौले दरवर्षी फुटतात, हे दीर स्वतःच सांगतील. माझ्या मते तुमच्यासाठी मधला मार्ग अधिक चांगला आहे. वरच्या कडेचे जोते, पायऱ्या, पुढची पडवी आणि न्हाणीघराचा भाग चिऱ्यात, कठीण जमिनीवर बांधावा, आणि राहत्या खोल्या त्याच्या खालच्या अंगाला खांबांवर हलक्या चौकटीत कराव्यात. जड भाग आणि हलका भाग यांच्यामध्ये सुटा सांधा ठेवायला अभियंत्याला सांगा, कारण दोन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने हलतात. असे केले तर दिरांकडे गावातल्या कामाची देखरेख सोपवता येईल, जी ठाण्याहून तुम्हाला एरवीही जमणार नाही.

सासूबाईंच्या दृष्टीने तर उताराचा फायदाच आहे. घराची फरशी रस्त्याच्या पातळीला जवळ धरली, तर त्या पडवीतून एकही पायरी न चढता आत येतील. हीच फरशी रस्त्यापेक्षा पाच फूट खाली गेली आणि तेवढा चढ त्यांच्यासाठी रॅम्पने काढायचा म्हटला, तर बारास एक या सुरक्षित प्रमाणाने साठ फूट लांबीचा रॅम्प लागेल, जो कोणी बांधत नाही आणि मग पायऱ्याच उरतात. त्यांची खोली व न्हाणीघर वरच्या पट्ट्यात असावे. दोन खोक्यांच्या पातळीत वीस इंचांचा फरक ठेवून आत तीन पायऱ्या करण्याची कल्पना नकाशावर देखणी दिसते आणि वास्तुविशारदांना ती आवडतेही. तुमच्या घरात ती नको.

फरशी रस्त्याजवळ आणली की रस्त्याचे पाणी दारात येते, त्याची व्यवस्था आधी करावी. रस्ता आणि घर यांच्यामध्ये दगडी चर काढून ते पाणी घराला वळसा घालून जमिनीच्या कडेने पऱ्याकडे न्यावे. ते शेजाऱ्याच्या बांधावर सोडू नये. छपराच्या पागोळ्यांचे पाणी पन्हाळीत धरून त्याच चरात घालावे, खांबांच्या पायाशी पडू देऊ नये. शौचालयाचा शोषखड्डा घराच्या वर किंवा खांबांलगत कधीही असू नये, कारण तो उतार बारमाही ओला ठेवतो. तो एका बाजूला, खालच्या अंगाला आणि विहिरीपासून व पऱ्यापासून पुरेसा दूर असावा. खांबांमधल्या मोकळ्या जागेला भिंत न घालता जाळी लावावी, म्हणजे जनावर शिरणार नाही, वारा खेळेल आणि वर्षातून एकदा वाकून बोल्ट व खांबांची मुळे तपासता येतील. तिथे लाकूडफाटा रचू नये. वाळवीला ते आमंत्रण ठरते.

छप्पर दोन्ही भागांवर मिळून एकच, चांगला उतार असलेले आणि चारी बाजूंनी किमान तीन फूट पुढे आलेले असावे. दोन खोकी जिथे जुळतात तिथे पाणी शिरणारच, सीलंटवर कोकणात भरवसा ठेवता येत नाही. सपाट माथ्याचे खोके आमच्याकडे झडीच्या पावसात टिकत नाही. पोलादाला गंजापासून वाचवणाऱ्या जस्तलेपाचे वजन करारात लिहून घ्यावे. चौकटीसाठी प्रति चौरस मीटर २७५ ग्रॅम हे प्रमाण मागितले तर कंपनीला आश्चर्य वाटू नये. वाटले, तर ती कंपनी कोणत्या हवेसाठी घरे बनवते, हे तुम्हाला कळले. केंद्र सरकारची बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान संवर्धन परिषद नव्या बांधकाम पद्धतींना कामगिरी मूल्यमापन प्रमाणपत्र देते. कंपनीच्या पद्धतीला ते आहे का, हेही विचारावे.

आता वेळापत्रक. येत्या मे महिन्यात घर उभे करू नका, आणि एप्रिलमध्ये जेसीबीही लावू नका. पाऊस कोकणात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो; ताजी कापलेली दरड आणि न बसलेला भराव घेऊन त्याला सामोरे जाणे हा या बेतातला सर्वांत वाईट भाग आहे. उन्हाळ्यात समोच्च नकाशा आणि सातबाराची कामे उरकावीत. जुलैत, चांगला पाऊस लागलेला असताना, चार दिवस गावी जाऊन दिरांबरोबर जमीन फिरावी आणि पाणी जिथून वाहते त्या जागा नकाशावर मांडाव्यात. भातकापणीनंतर घराच्या जागी तीन ठिकाणी सहा-सात फूट खोल चाचणी खड्डे घेऊन अभियंत्याला दाखवावेत, परवानगीचा अर्ज करावा, जानेवारीपासून पाया घ्यावा आणि एप्रिलपर्यंत छप्पर चढवावे. सासूबाईंचे वय पाहता एक वर्ष लांबणे तुम्हाला जड जाईल, हे मी समजू शकतो. तोवर गावी दिरांच्या घरात एक खोली आणि कमोड बसवलेले न्हाणीघर करून देता आले, तर त्यांना वर्षभर थांबावे लागणार नाही, आणि दोन्ही घरांत बोलणेही सुरू राहील.

राहिली आगाऊ रक्कम. कंपनीला लेखी कळवावे की घर सुट्या भागांत, उताराला आडव्या मांडणीत आणि खांबांवर हवे आहे. संरचनेचे नकाशे अभियंत्याच्या सहीनिशी हवेत. पैसे टप्प्याटप्प्याने, म्हणजे नकाशे मिळाल्यावर, माल जागेवर आल्यावर, चौकट उभी राहिल्यावर आणि शेवटचा दहा टक्के हिस्सा घर एक पावसाळा न गळता राहिल्यावर दिला जाईल. वाहतूक, उतरवणूक, जोडणी आणि जीएसटी दरात धरले आहेत की नाहीत, हेही त्याच पत्रात विचारावे. कंपनी तयार झाली तर रक्कम नव्या करारात वळती करून घ्यावी. ती फक्त सपाट जागेवरच घर देत असेल, तर रक्कम परत मागावी, आणि परत मिळाली नाही तरी केवळ ती बुडू नये म्हणून जमीन कापू नये.